बफेलो नदीवर तीन दिवस: चार कुटुंबं, पाच कनू

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेंटनव्हिलमधली चार कुटुंबं, आठ मोठी माणसं आणि पाच मुलं (वय ६, ७, ९, ११ आणि १३). मे अखेरीस मेमोरियल डेच्या जोडून सुट्टीत अमेरिकेतल्या आर्कन्सा राज्यामधल्या बफेलो नदीवर कनूने (वल्ह्यांच्या लांबट, अरुंद होडीने) तीन दिवस, दोन रात्री. मोठ्यांपैकी तिघांना पोहता येत नाही. कनू आधी चालवलेले दोघेच, तेही तळ्यात. पाँका ते प्रूइट हा नदीचा वरचा टप्पा मनात आहे, कारण फोटोंतले ते उंच कडे तिथेच आहेत. शिवाय एकाचे आई-बाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेत, त्यांनाही न्यायचंय.

मी या नदीवर बरीच वर्षं माणसं घेऊन जातोय, बहुतेक वेळा आपलीच मराठी मंडळी. त्यामुळे पहिलं उत्तर तुम्हाला आवडणार नाही हे माहीत असूनही देतो: या वेळी पाँका सोडा.

वरचा टप्पा सुंदर आहे, वादच नाही. बिग ब्लफचा पाचशे फुटांच्या वरचा कडा, हेम्ड-इन हॉलोचा २०९ फुटी धबधबा, सगळं तिथेच. पण नदी तिथे अरुंद आहे, उतार जास्त, वळणं झटपट येतात आणि वळणाच्या तोंडावर खडक बसलेले. स्टील क्रीकच्या पुढे आठेक मैल रस्ता म्हणून नाही, थेट काइल्स लँडिंगलाच गाडी भेटते आणि तो रस्ताही चांगलाच चढाचा आणि खडबडीत. मधे कोणाचा पाय मुरगळला, मूल घाबरून कनूत बसेनासं झालं, तर वाट एकच, पुढे. दोन अर्धशिके आणि बाकी कोरी पाटी घेऊन तिथे उतरलात तर पाचपैकी तीन कनू उलटणार, हे मी लिहून देतो. सुट्टीच्या शनिवारी पाँकाला गर्दीही इतकी असते की उलटलेल्या कनूभोवतीच दहा कनू अडकतात.

आणि पाणी. आपल्यापैकी बरेच जण कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग करून आलेले असतात आणि नदी म्हणजे तशीच असं धरून चालतात. कुंडलिकेला पाणी भिऱ्याच्या वीजघरातून सोडतात. सकाळी ठरल्या वेळी येतं, तुम्ही चहा पिऊन राफ्टमध्ये बसता. बफेलोवर धरणच नाही. गिल्बर्टजवळ बांधायचा लष्कराच्या अभियंता विभागाचा बेत होता, तो १९६२ पासून ओझार्क सोसायटीने लढून हाणून पाडला. तिचे पुढारी डॉ. नील कॉम्प्टन तुमच्याच बेंटनव्हिलचे डॉक्टर. १ मार्च १९७२ ला ही अमेरिकेतली पहिली ‘राष्ट्रीय नदी’ झाली. म्हणजे आज आपण जे बघायला जातो ते त्यांच्यामुळे, आणि पाण्याचा भरवसा नाही तोही त्यांच्यामुळेच! पाऊस पडला की नदी चढते, थांबला की उतरते. मे अखेरीस वरच्या टप्प्यात दोन्ही शक्यता असतात: एक तर कनू गोट्यांवरून खरडत ओढत न्यावी लागेल, नाहीतर रात्रीच्या वादळाने पाणी इतकं चढेल की उतरताच येणार नाही.

तुमच्यासाठी मधला टप्पा घ्या. टायलर बेंडला उतरायचं, मॉमीला बाहेर पडायचं, साधारण १७ मैल. कडे इथेही आहेत, चुनखडीचे, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे, खाली हिरवे डोह. उंची थोडी कमी एवढंच. खळाळ येतात ते लहान, आणि प्रत्येकाच्या खाली शांत डोह असतो. कोणी उलटलं तरी गोळा करायला वेळ मिळतो. मुख्य म्हणजे सहाएक मैलांच्या आत गिल्बर्ट गाव येतं, तिथे रस्ता आहे, दुकान आहे. पहिल्याच दिवशी एखाद्या कुटुंबाला कळलं की हे आपलं काम नाही, तर तिथून सन्मानाने घरी जाता येतं. ही पळवाट असलेली सहल निवांत होते, नसलेली सहल सगळ्यांच्या छातीवर बसते.

पहिला दिवस सहा मैल, दुसरा सात, तिसरा चार. कमी वाटेल. आयटीवाले लोक हिशेब करतात की तासाला तीन मैल म्हणजे सतरा मैल एका दिवसात. होतात, दोन सराईत माणसांचे. तुमच्यात सहा वर्षांचं मूल आहे, त्याला दर पाऊण तासाने उतरून दगड फेकायचेत. कोणाची टोपी वाहून जाईल, ती आणायला सगळे थांबतील. शनिवारी सकाळी सहाला घरून निघालात तर अडीच तासांचा रस्ता, कनू ताब्यात घेणं, सामान भरणं, गाड्यांचं शटल ठरवणं यात अकरा वाजतात. सामान बांधायला पहिल्या दिवशी दीड तास लागतो. नंतर पाऊण तासावर येतो.

शटलचं एवढंच: गाडी वरच्या टोकाला सोडायची आणि कनूवाल्यांचे ड्रायव्हर ती खालच्या टोकाला नेऊन ठेवतात. पार्कच्या, म्हणजे ही नदी सांभाळणाऱ्या राष्ट्रीय उद्यान खात्याच्या, परवानगीने काम करणाऱ्यांकडूनच कनू घ्या. आरक्षण करताना एकच प्रश्न स्पष्ट विचारा, नदी चढून बंद झाली तर पैसे परत की तारीख बदलून? उत्तर लेखी घ्या. नदीवर उतरायला आणि गोट्यांच्या वाळवंटावर तंबू ठोकायला वेगळा परवाना लागत नाही. वाळवंट म्हणताना डोळ्यांपुढे पंढरपूरची चंद्रभागा आणा, फक्त वाळूऐवजी गोटे.

आता पाण्याची पातळी कशी वाचायची. टायलर बेंडच्या थोडं खाली ६५ नंबरच्या हायवेचा पूल आहे, तिथे भूगर्भ सर्वेक्षण खात्याचं मापक आहे, नाव सेंट जो. आकडा फुटांत येतो आणि लोकांना वाटतं ती नदीची खोली. नाही. ती मापकाच्या ठरलेल्या शून्यापासूनची उंची. एका मापकावरचे पाच फूट आणि दुसऱ्यावरचे पाच फूट यांचा काही संबंध नसतो. म्हणून पार्कवाले प्रत्येक मापकाचा आकडा कमी, मध्यम, जास्त, पूर अशा पायऱ्यांत लावून देतात, ते बघा. तुमच्यासाठी ‘मध्यम’ची खालची बाजू उत्तम. ‘जास्त’ असेल तर तुम्ही जायचं नाही, मग शेजारचा कोणी जात असला तरी. आकड्यापेक्षा रेषेचा कल महत्त्वाचा: उतरतं पाणी बरं, चढतं पाणी मध्यम असलं तरी वाईट. आणि पाऊस टायलर बेंडला नाही, वर बॉक्सली आणि पाँकाकडे किती पडलाय ते बघायचं. वरचं पाणी तुमच्यापर्यंत यायला वेळ घेतं. तुमच्या डोक्यावर निळं आकाश असतं आणि नदी मागून येत असते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी सात कनू घेऊन गेलो होतो. संध्याकाळी पाण्याच्या कडेला एक काठी रोवायची आणि रात्री उठलं की बॅटरीने बघायची, ही आमची पद्धत. त्या रात्री गडगडाट लांबून ऐकू आला, आमच्याकडे चार थेंब पडले. तीनला उठलो तर काठी दिसेना. आधी वाटलं मीच चुकीच्या जागी बघतोय. मग लक्षात आलं की काठी जागेवरच असेल, पाणी माझ्या चपलांपाशी आलंय. आवाज बदलला होता. संध्याकाळी खळखळ होती, आता नुसता घुमल्यासारखा सलग आवाज, आणि पाणी दूध कमी घातलेल्या चहाच्या रंगाचं. सगळ्यांना उठवून तंबू तसेच, खांबांसकट, उंच काठावर नेले. सहा कनू सिकामोरच्या झाडांना बांधलेल्या होत्या. सातवी माझीच, ‘सकाळी लवकर निघायचंय’ म्हणून नुसती वर ओढून ठेवलेली. ती दुसऱ्या दिवशी दुपारी दोन मैल खाली एका झाडाच्या मुळांत सापडली, मधोमध वाकलेली. भरपाई मी दिली, आणि उरलेला प्रवास मी सामानावर बसून केला, ते वेगळं.

म्हणून मुक्कामाची जागा निवडताना दोन गोष्टी बघा. गोट्यांचा उंचवटा पाण्यापासून निदान डोक्याएवढा वर हवा, आणि तिथून मागे अंधारात, मुलं कडेवर घेऊन, चालत वर जाता यायला हवं. मागे कडा आणि पुढे नदी अशी जागा फोटोत फार छान दिसते, तिथे झोपायचं नाही. मधोमध बेट असेल तर त्याकडे बघायचंही नाही. कनू पूर्ण वर आणून, उलट्या करून, झाडाला दोराने बांधायच्या. रोज.

आता कोण कोणाबरोबर. तेरा माणसांना पाच कनू पुरतात. प्रत्येक कनूत मागच्या बैठकीवर एक मोठा माणूस, दिशा त्याच्या हातात. पुढच्या बैठकीवर तीन कनूंत उरलेले तीन मोठे, दोन कनूंत १३ आणि ११ वर्षांची मुलं. ती वल्हवतात, आणि मोठ्यांपेक्षा बरं ऐकतात. ६, ७ आणि ९ वर्षांची मुलं तीन मोठ्या जोड्यांच्या मधे, तळाशी बसवलेली. जड सामान बहुतेक त्या दोन हलक्या कनूंत. नवरा-बायकोची जोडी मोडा, असा माझा आग्रह असतो. मागच्याने ‘उजवीकडे’ म्हटल्यावर पुढच्याने ‘तूच नीट मार ना’ म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात खडक येतो. दुसऱ्याच्या नवऱ्याशी माणूस जरा अदबीने वागतो.

पोहता न येणाऱ्या तिघांना वेगवेगळ्या कनूंत बसवा आणि प्रत्येकासोबत पोहणारं कोणी ठेवा. लाइफ जॅकेट सगळ्यांनी, सगळा वेळ, बकल लावून. कायद्याने १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना ते अंगात घालावंच लागतं, पण इथे कायद्यापेक्षा एक पाऊल पुढे जा. मापाची परीक्षा सोपी आहे, खांद्यांना धरून जॅकेट वर ओढा. कानापर्यंत आलं तर सैल आहे. सांगलीला कृष्णेत आम्ही पाठीला वाळलेला भोपळा बांधून पोहायला शिकलो, तेव्हा भोपळा सुटला की माणूस बुडतो हे कोणाला समजवावं लागत नव्हतं. जॅकेटच्या बाबतीत मात्र प्रत्येक सहलीत कोणीतरी ‘फार गरम होतंय’ म्हणून ते पायाखाली घेतोच.

जायच्या आधीच्या शनिवारी दोन कनू भाड्याने घेऊन बीव्हर लेकवर दोन तास काढा. सरळ नेणं, कनू कुशीकडे ओढणं, उलट वल्हवून वेग कमी करणं एवढं शिकलं की झालं. आणि मुद्दाम उलटा. एकदा उलटलेला माणूस नदीवर ओरडत नाही.

नदीवर धोका खडकांचा कमी, झाडांचा जास्त. वळणावर प्रवाह बाहेरच्या काठाकडे ढकलतो आणि नेमकी तिथेच मुळं धुपून झाडं आडवी पडलेली असतात. पाणी फांद्यांमधून गाळून निघून जातं, माणूस आणि कनू अडकतात. म्हणून वळण दिसलं की आतल्या काठाने, वळणाच्या आधीच वळवायला सुरुवात. जमेल असं वाटत नसेल तर उतरा आणि उथळ पाण्यातून कनू हाताने चालवत न्या. यात कमीपणा नाही, मी आजही नेतो. खडकावर आडवे आदळलात तर अंगाची ओढ खडकापासून लांब जायची असते. तसं झुकलात की वरच्या बाजूने पाणी आत येतं आणि खेळ संपतो. खडकाकडे झुका, त्याला मिठी मारायची आहे असं समजून. उलटलात तर कनूच्या पुढे, प्रवाहाच्या खालच्या बाजूला थांबायचं नाही; पाण्याने भरलेली कनू अर्ध्या टनाच्या वर जाते आणि खडक व ती यांच्या मधे सापडलेल्याला सोडवायला हातांचं बळ पुरत नाही. पाठीवर तरंगायचं, पाय पुढे आणि वर, आणि वाहत्या पाण्यात गुडघ्याच्या वर पाणी असताना उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. पाऊल दोन दगडांत अडकतं आणि पाणी पाठीवर बसतं. आधी माणूस, मग वल्हं, मग सामान, शेवटी कनू, या क्रमाने गोळा करा. लोक आधी फोनच्या पिशवीमागे पळतात.

सगळ्यात पुढे एक जाणता, सगळ्यात मागे दुसरा. पुढच्याला ओलांडायचं नाही, मागच्याच्या मागे राहायचं नाही. प्रथमोपचाराची पेटी आणि जादा वल्हं मागच्या कनूत, कारण अपघात नेहमी मागच्याच्या पुढे होतो. प्रत्येकाने आपल्या मागची कनू दिसतेय ना एवढं बघायचं. फोनला खोऱ्यात बहुतेक ठिकाणी रेंज नाही, तेव्हा तुमचा ग्रुप शुक्रवारी रात्रीच मूक झाला असं समजा. कुठे उतरणार, कुठे आणि कधी बाहेर पडणार, हे घरी राहणाऱ्या कोणाला तरी लिहून द्या.

खाण्याबद्दल आपल्या लोकांना सांगावं लागतं ते कमी करा म्हणूनच. एका सहलीत कुकर आला होता, पाट-वरवंटा तेवढा राहिला. पहिल्या रात्री घरून गोठवून आणलेली उसळ किंवा रस्सा आणि तिथे लावलेला भात. तोच डबा दिवसभर कूलरमध्ये बर्फाचं काम करतो. दुसऱ्या रात्री पिठलं-भात किंवा मुगाची खिचडी. दुपारचं सगळं कोरडं: धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ, आणि दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, त्या तिसऱ्या दिवशीही मऊ राहतात. आपल्या आज्या बैलगाडीच्या प्रवासाला हेच बांधून द्यायच्या, कनूला ते तंतोतंत लागू पडतं.

एक गोष्ट मात्र कायद्याची. नदीवर काच चालत नाही. बिअरची बाटली कोणी आणत नाही, पण लोणच्याची बरणी आणि तुपाची बाटली हटकून येते. प्लास्टिकच्या डब्यात काढा. थर्माकोलचा कूलर चालत नाही, कूलरला घट्ट बसणारं झाकण हवं, कनूला जाळीची कचरापिशवी बांधलेली हवी आणि पेयाचा कॅन तरंगणाऱ्या वेष्टनात हवा. झाकणाला रात्री पट्टा आवळा, तोही बकलचा. रॅकूनला (मांजरापेक्षा थोडा मोठा, रात्री फिरणारा इथला प्राणी) साधं झाकण उघडता येतं. आमचे बेसनाचे लाडू त्याने एकेक करून नेले, आणि डबा चाटून परत जागेवर ठेवल्यासारखा सोडला होता.

पिण्याचं पाणी माणशी रोज एक गॅलन धरलं तर तुम्हाला तीन दिवसांचे ३९ गॅलन होतात, म्हणजे दीडशे किलोच्या आसपास. एवढं वाहू नका. अर्धं घ्या, गिल्बर्टला भरा, आणि एक चांगला फिल्टर ठेवा. नदीचं पाणी स्वच्छ दिसलं तरी तसंच प्यायचं नाही.

शौचाचा विषय ग्रुपमध्ये कोणी काढत नाही आणि पहिल्या सकाळी तोच सगळ्यात मोठा होतो. नियम: नदीपासून दोनशे फूट लांब, मातीत सहा ते आठ इंचांचा खड्डा, वर माती, कागद पिशवीत घालून परत. एक खुरपं, सॅनिटायझर, कागद आणि भडक रंगाची पिशवी एकत्र झाडाला लटकवा. पिशवी जागेवर नसेल तर कोणीतरी गेलंय, त्या बाजूला जायचं नाही. बायकांनी मला नंतर सांगितलं की अख्ख्या सहलीत ही एकच व्यवस्था त्यांना पटली. झुडपात जाताना तीन-तीन पानांच्या वेलीला हात लावू नका, ती पॉयझन आयव्ही, अंगाला खाज सुटते. रात्री मुलांच्या काखा, मान आणि कंबरपट्ट्याखाली गोचीड बघा.

आई-बाबांना या तीन दिवसांत नेऊ नका. गोट्यांवर चालणं गुडघ्यांना फार जड जातं, आणि त्यांना काही झालं तर रस्ता तासांच्या अंतरावर. त्यांच्यासाठी वेगळा दिवस काढा: पहाटे बॉक्सली खोऱ्यात रस्त्याच्या कडेला थांबून एल्क (सांबरासारखी मोठी हरणं) बघायचे, मग लॉस्ट व्हॅलीच्या पायवाटेवर जमेल तेवढं, आणि दुपारी स्टील क्रीकला खुर्च्या टाकायच्या. समोर रोर्क ब्लफचा कडा सरळ पाण्यातून उठतो. ज्या फोटोंसाठी तुम्ही पाँकाचा हट्ट धरलाय त्यातले काही इथे गाडीतून उतरून मिळतात. डबा आईंनाच करू द्या.

निर्णय गुरुवारी संध्याकाळी घ्या, शुक्रवारी रात्री सामान गाडीत चढल्यावर नव्हे. तेव्हा सगळ्यांना जायचंच असतं. गुरुवारी मापक, कल आणि तीन दिवसांचा अंदाज बघून एकाने हो किंवा नाही म्हणायचं, आणि तो एक कोण हे आजच ठरवा. मतदान नको.

शेवटी गाडीच्या किल्ल्या. ड्रायव्हरला एक द्यायची, दुसरी ड्राय बॅगच्या (पाणी न शिरणाऱ्या पिशवीच्या) आतल्या कडीला अडकवायची, आणि ती बॅग कोणत्या कनूत आहे हे दोघांना माहीत हवं. आम्ही एकदा मॉमीला भिजलेल्या मुलांसह पोचलो, गाडी समोर उभी, आणि किल्ली हाफपँटच्या खिशातून कुठल्या डोहात गेली ते कोणालाच सांगता येईना.